अगस्त्य फिका का दिसतो?

प्रश्न : अगस्त्य हा व्याधाखालोखाल तेजस्वी तारा असल्याचे वाचले होते, परंतु दांडिया बाजारातील आमच्या गच्चीवरून तो जेमतेम मृगातील राजन्य या ताऱ्याएवढाच दिसतो. हा दोष हवेचा असेल, तर हवेने गिळलेला प्रकाश वेधशाळेत मोजतात तरी कसा?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. अगस्त्याची प्रत, म्हणजे तेजाचे माप, −०.७४ आणि राजन्याची ०.१३ आहे (आकडा लहान, तितका तारा तेजस्वी). मात्र वडोदऱ्याचा अक्षांश २२.३ अंश उत्तर आणि अगस्त्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंतर) ५२.७ अंश दक्षिण असल्यामुळे, फेब्रुवारीच्या मध्यास रात्री सव्वानऊच्या सुमारास तो याम्योत्तरावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) येतो तेव्हाही क्षितिजापासून १५ अंशच वर असतो. डोक्यावरच्या ताऱ्याचा प्रकाश हवेचा जेवढा थर ओलांडतो त्याला एक मानले, तर अगस्त्याचा प्रकाश ३.८ थर ओलांडून येतो आणि राजन्याचा जास्तीत जास्त उंचीवर असताना केवळ १.१६. शहरात थरामागे ०.३ प्रतीची घट धरली, तर अगस्त्य ०.४ वर आणि राजन्य ०.४८ वर येऊन ठेपतो. म्हणजे दोघे जवळजवळ सारखेच.

ही घट मोजण्यासाठी एकच तारा वर चढताना किंवा मावळताना त्याची प्रत वारंवार नोंदवून ती थरांच्या संख्येसमोर आलेखावर मांडतात. हवा स्थिर असेल, तर बिंदू सरळ रेषेत येतात. रेषेचा चढ म्हणजे थरामागची घट, आणि रेषा शून्य थरापर्यंत मागे वाढवली की वातावरणाबाहेरची प्रत हाती येते. अठराव्या शतकात पिएर बूगे या फ्रेंच शास्त्रज्ञाने मेणबत्त्यांच्या प्रकाशाशी चंद्राचे तेज ताडून पाहिले, त्यामागे हेच तत्त्व होते. निळ्या प्रकाशाचे हवेत विकिरण (विखुरणे) लाल प्रकाशापेक्षा पुष्कळ अधिक होत असल्याने प्रत्येक रंगाची मोजणी स्वतंत्र फिल्टर लावून करावी लागते.

खरी अडचण निराळी आहे. तारा चढत असताना हवेतील धूळही हळूहळू खाली बसत असेल, तर बिंदू तरीही बऱ्यापैकी सरळ रेषेत पडतात, पण चढ चुकीचा निघतो, आणि आलेख पाहून ती चूक ओळखता येत नाही. सरळ रेषा दिसली की निःशंक होण्याचा मोह मला घातक वाटतो. म्हणून एक उगवता आणि एक मावळता तारा आलटून पालटून मोजतात : धूळ कमी होत असेल, तर उगवत्याचा चढ वाजवीपेक्षा जास्त आणि मावळत्याचा कमी येतो. शिवाय ज्यांच्या प्रती आधीच निश्चित आहेत असे प्रमाण तारे वेगवेगळ्या उंचींवर, थोड्या वेळाच्या अंतराने तपासले जातात. एका रात्रीची घट दुसऱ्या रात्री गृहीत धरता येत नाही; १९९१ मध्ये फिलिपिन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाल्यावर तर दूरदूरच्या वेधशाळांतही ही घट वाढलेली आढळली.

माउंट अबूजवळ गुरुशिखरावरील वेधशाळेतून अगस्त्य आपल्यापेक्षाही सुमारे सव्वादोन अंश खाली दिसतो आणि त्याचा प्रकाश साडेचार थर ओलांडतो. पण सुमारे १,६८० मीटर उंचीवरच्या विरळ हवेत थरामागची घट ०.२ धरली, तर एकूण घट ०.९ एवढीच होते, आणि आपल्या गच्चीवर ती १.१४ आहे.