फट नियमात होती की मोजपट्टीत?

तुमचा प्रश्न असा आहे: "जुन्या रेसिंगमध्ये इंजिनियरांनी नियमांतून पळवाटा काढल्या, त्याचं आज कौतुक होतं. ती सरळसरळ फसवणूकच नव्हती का? आणि तो काळ खरंच इतका भारी होता, की आपण नुसते आठवणींत रमतो?"

मी तपासणी विभागात काम करतो. ड्रॉइंगवरचं माप आणि हातातला पार्ट जुळतो का, हे बघणं माझं रोजचं काम. सुरुवातीच्या दिवसांत एका वरिष्ठांनी माझ्या हातात सेंटरलेस ग्राइंडिंग केलेली एक पिन दिली आणि म्हणाले, "मोज." मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजली, व्यास सगळीकडे सारखा. मग तीच पिन त्यांनी व्ही-ब्लॉकवर, म्हणजे इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर ठेवली, वर सुईचा डायल लावला आणि फिरवली. सुई तीनदा वर गेली, तीनदा खाली. पिन गोल नव्हतीच, तीन कोपऱ्यांची होती. ड्रॉइंग म्हणत होतं "गोल", मायक्रोमीटर विचारत होता "व्यास किती?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर त्या पिनेतच आहे. नियम एक गोष्ट सांगतो, तपासणी दुसरीच मोजते, आणि रेसिंगमधली बहुतेक गाजलेली डोकी या दोहोंमधल्या फटीत चालली. सगळ्यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

आधी 17 जून 1978 ची फॉर्म्युला वन शर्यत घेऊ. स्वीडनमधलं अँडरस्टॉर्प. त्या मोसमात लोटस संघाच्या 79 या गाडीने सगळ्यांना मागे टाकलं होतं. गाडीच्या पोटाखाली विमानाच्या उलट्या पंखासारखे बोगदे, त्यातून हवा वेगाने जाते, दाब कमी होतो आणि गाडी रस्त्याला चिकटते. ब्रॅबम संघाचे डिझायनर गॉर्डन मरे यांना हे करता येईना, कारण त्यांचं अल्फा रोमिओचं 12 सिलिंडरचं इंजिन आडवं पसरलेलं होतं. बोगद्यांची जागा इंजिननेच खाल्लेली. मग त्यांनी गाडीच्या मागे एक मोठा पंखाच बसवला. गिअरबॉक्सवर चालणारा हा पंखा गाडीखालची हवा ओढून मागे फेकायचा. बोगदे वेगावर अवलंबून, पंखा इंजिनच्या फेऱ्यांवर, त्यामुळे संथ वळणातही पकड तशीच.

नियम होता की हवेच्या जोराने गाडी खाली दाबण्यासाठी हलणारा भाग वापरायचा नाही. मरेंनी शब्द नीट वाचले. भागाचं मुख्य काम काय, यावर सगळं अवलंबून होतं. त्यांनी रेडिएटर इंजिनवर आडवा ठेवला आणि पंख्याची हवा त्यातून नेली. म्हणजे पंखा रेडिएटर थंड करण्यासाठी! आणि तो थंड करतही होता, हे महत्त्वाचं. पिटमध्ये उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबला की गाडी खाली बसायची, म्हणून ड्रायव्हरांना तिथे इंजिन रेव्ह करू नका असं बजावलेलं होतं. ब्रॅबमचा निकी लाउडा सुमारे 34 सेकंदांच्या फरकाने जिंकला. निकाल कायम राहिला, पण गाडी पुन्हा कधी चॅम्पियनशिपच्या शर्यतीत उतरली नाही. मालक बर्नी एक्लस्टन हे संघांच्या संघटनेचेही पुढारी होते, आणि बाकीचे संघ खवळले होते.

याला मी फसवणूक म्हणणार नाही. पंखा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. वाद होता तो वाक्याच्या अर्थाचा, आणि तो उघड्यावर घालता येत होता.

1981 मध्ये त्याच मरेंनी केलं ते मात्र माझ्या पिनेच्या जास्त जवळचं आहे. त्या वर्षी सरकते स्कर्ट, म्हणजे गाडीखालची हवा कोंडून ठेवणाऱ्या कडेच्या पट्ट्या, बंद झाल्या आणि गाडी जमिनीपासून किमान 6 सेंटिमीटर वर हवी, असा नियम आला. पण 6 सेंटिमीटर मोजायचे कुठे? धावत्या गाडीखाली कोण ठोकळा सरकवणार? मोजमाप पिटमध्ये, उभ्या गाडीचं. ब्रॅबमच्या बीटी 49 सी ला मरेंनी हवा आणि तेलावर चालणारं सस्पेन्शन दिलं. वेग वाढला की हवेच्या दाबाने गाडी खाली दबायची, बारीक छिद्रातून तेल हळूहळू सरकायचं, त्यामुळे संथ वळणातही ती लगेच वर येत नसे. शर्यतीनंतर हळू चालवत परत येईपर्यंत ती पुन्हा 6 सेंटिमीटरवर. ड्रायव्हरने उंची बदलायची नाही असा नियम होता, आणि ड्रायव्हर खरंच काही करत नव्हता, हवाच करत होती. नेल्सन पिकेने त्या गाडीने अर्जेंटिनाची शर्यत सहज घेतली आणि वर्षाअखेर विजेतेपदही. बाकीच्यांनी आरडाओरडा केला आणि मग स्वतःच्या गाड्यांना तसलीच सोय केली.

इथे माझं मन जरा अडखळतं. नियमाचा हेतू स्पष्ट होता. पण तपासनीस म्हणून माझा राग मरेंवर नाही, नियम लिहिणाऱ्यावर आहे. जे मोजता येत नाही ते अट म्हणून लिहिलं, तर तो दोष लिहिणाऱ्याचा.

पुढच्या वर्षी हीच युक्ती वजनावर उतरली. गाडीचं किमान वजन 580 किलो. तपासणीआधी पाणी-तेलासारखी द्रव्यं पुन्हा भरायला परवानगी. मग काही संघांनी ब्रेक थंड करायला म्हणून पाण्याची टाकी बसवली. पहिल्या काही फेऱ्यांत पाणी बाहेर, गाडी हलकी, शर्यत संपल्यावर टाकी भरून वजनाला हजर. ब्राझीलच्या शर्यतीत पिके पहिला आणि केके रोझबर्ग दुसरा आला, नंतर दोघेही बाद ठरले आणि विजय ॲलन प्रॉस्टकडे गेला. त्या भांडणात बहुतेक ब्रिटिश संघांनी इमोलाच्या शर्यतीवर बहिष्कार टाकला, तिथे फक्त 14 गाड्या आल्या. ब्रेकच्या पाण्याची ही सबब मला पटत नाही. पंखा रेडिएटर थंड करत होता, पण हे पाणी ब्रेकसाठी नव्हतंच, फेकून देण्यासाठी होतं.

आणि मग ज्याला मी बिनदिक्कत लबाडी म्हणतो ते. 1995 ची जागतिक रॅली, टोयोटा सेलिका. टर्बोच्या तोंडाशी 34 मिलिमीटरचं रिस्ट्रिक्टर सक्तीचं, म्हणजे इंजिनला हवा मोजून मिळणार आणि ताकद आवाक्यात राहणार. टोयोटाच्या रचनेत टर्बोला जोडलेला होज (हवेची नळी) घट्ट बसवला की रिस्ट्रिक्टर किंचित पुढे सरकायचं आणि त्याच्या बाजूने जादा हवा आत घुसायची. तपासणीसाठी होज सोडला की स्प्रिंगने ते परत जागेवर. उघडून बघणाऱ्याला सगळं नियमानुसारच दिसणार. कारागिरी अप्रतिम होती, हे पकडणाऱ्यांनीही मान्य केलं. संघाचे गुण गेले आणि 1 वर्षाची बंदी आली. मरेंचा पंखा आणि हे यांच्यातला फरक मला इथे दिसतो: पंखा वाक्यातली फट शोधत होता, हे रिस्ट्रिक्टर माणसाच्या डोळ्यांत धूळ फेकत होतं. तपासणीच्या क्षणी वेगळा वागणारा पार्ट मला माझ्या टेबलावर सापडला, तर मी पुरवठादाराशी अर्थावर वाद घालत बसणार नाही, माल परत पाठवीन.

आता आठवणींचा भाग. नॅसकार या अमेरिकन शर्यतींतले मेकॅनिक स्मोकी युनिक यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. नियमात पेट्रोलच्या टाकीचा आकार ठरवलेला होता, टाकीपासून इंजिनपर्यंतच्या नळीबद्दल काहीच नव्हतं. म्हणून त्यांनी 2 इंच व्यासाची, 11 फूट लांब नळी बसवली आणि तीत जादा 5 गॅलन पेट्रोल मावलं. ही गोष्ट मी वर्षानुवर्षं आनंदाने सांगत आलो. एकदा कागद-पेन्सिल घेऊन हिशोब केला. 2 इंच व्यास, 11 फूट लांबी: साधारण 415 घन इंच, म्हणजे 2 गॅलनसुद्धा नाही, जेमतेम 7 लिटर. 5 गॅलन मावायला तीच नळी 30 फुटांच्या वर लागेल. युक्तीचं मोल यामुळे कमी होत नाही, टाकीबाहेरचे 7 लिटरही शर्यत फिरवू शकतात. पण सांगता सांगता आकडा फुगला, आणि त्या काळाबद्दलच्या आपल्या बऱ्याच आठवणी अशाच फुगलेल्या आहेत असं मला वाटतं.

कारण अँडरस्टॉर्पला त्या दिवशी तिसरा आला होता रॉनी पीटरसन, घरच्या प्रेक्षकांसमोर. 3 महिने पूर्ण व्हायच्या आत, मोंझाच्या अपघातानंतर दुसऱ्या दिवशी तो गेला. पिकेच्या विजेतेपदाची ती दबणारी गाडी सगळ्यांनी उचलल्यावर 1982 च्या गाड्यांना सस्पेन्शन जवळजवळ उरलंच नव्हतं. वळणातला वेग प्रचंड, ड्रायव्हरच्या पाठीची वाट. त्याच मोसमात जिल व्हिलनव्ह झोल्डरला आणि रिकार्डो पॅलेटी माँट्रियलला अपघातात दगावले. 1983 साठी गाडीचं पोट सपाट करण्याचा नियम आला, तो कुणाची हुशारी मारायला नव्हता. रॅलीतही 1986 मध्ये कॉर्सिकात हेन्री टोइव्होनेन आणि त्याचा सहचालक अपघातात गेल्यावर ग्रुप बी, म्हणजे प्रचंड ताकदीच्या रॅली गाड्यांना मोकळीक देणारा नियमगट, संपला. त्या गाड्यांचा आवाज ऐकून आजही माझ्या अंगावर काटा येतो, पण तो नियम परत यावा असं मी म्हणू शकत नाही.

मग आपल्याला नेमकं काय आठवतं? माझ्यापुरतं सांगतो. तेव्हा कल्पना डोळ्यांनी दिसायची. टायरेलची 6 चाकांची पी 34 बघून लहान मुलालाही कळायचं की कुणीतरी वेगळा विचार केलाय, आणि ती गाडी 1976 मध्ये त्याच अँडरस्टॉर्पला पहिली आणि दुसरी आली. आजचं डोकं कमी नाही, ते फक्त आत गेलंय. 2006 मध्ये रेनोच्या गाडीच्या नाकातलं, हेलकावे शोषणारं स्प्रिंगवरचं वजन बंद झालं, तेही "हलणारा एरोडायनॅमिक भाग" म्हणून, जरी त्याला बाहेरची हवा लागतही नव्हती. पंख्याला जो नियम अडवू शकला नाही, तोच 28 वर्षांनी एका बंद डबीतल्या वजनाला लागला. 2010 मध्ये मॅक्लारेनने हवेची एक वाट ड्रायव्हरच्या शरीराने अडवली, कारण हलणारा भाग निषिद्ध होता, पण ड्रायव्हर हा गाडीचा भाग नाही. शब्द वाचायची ही रीत मरेंचीच.

यांतलं सर्वात आवडतं कोणतं, असं कुणी विचारलं तर मी 1997 सांगेन. ऑस्ट्रियाच्या शर्यतीत एका छायाचित्रकाराच्या लक्षात आलं की मॅक्लारेनच्या गाडीचा मागचा ब्रेक लालबुंद दिसतोय, तोही गाडी वळणातून वेग घेत असताना. ब्रेक दाबायची ती जागाच नव्हती. पुढे नुर्बुर्गरिंगला दोन्ही मॅक्लारेन बंद पडून उभ्या राहिल्या, तेव्हा त्याने कॅमेरा कॉकपिटमध्ये खाली घालून फोटो काढला. फोटोत एक पेडल जास्तीचं होतं. मागच्या एकाच चाकाला ब्रेक लावणारं, म्हणजे गाडी वळणात हवी तशी फिरवता येईल. प्रतिस्पर्ध्यांपासून लपवलेलं होतं, पण नियम पाहणाऱ्यांना आधी विचारलेलं होतं, म्हणून माझ्या हिशोबात ते स्वच्छ. 1998 मध्ये ब्राझीलला फेरारीने तक्रार केली, पंचांनी त्याला सुकाणूचाच प्रकार ठरवून बंद केलं. मॅक्लारेनने ते काढलं आणि त्याच रविवारी त्यांचेच हॅकिनेन पहिला, कुल्टहार्ड दुसरा आला.