१२ लिटरच्या बरणीत, स्किमर आणि माशाशिवाय रीफ टँक करता येतो का? सायकल पूर्ण झाली हे कसं ओळखायचं?

येतो. रीफ टँक म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवलेला समुद्री पाण्याचा टँक, स्किमर म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण फेसाबरोबर काढणारं यंत्र, आणि सायकल म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू टँकमध्ये वाढून बसेपर्यंतचा काळ. पण "आधी एक डॅमसेल (छोटा, चिवट समुद्री मासा) सोडून बघा, तो जगला तर टँक तयार" असं तुम्हाला ज्यांनी सांगितलंय त्यांचं ऐकू नका. तुमच्या प्रश्नातलं ते वाक्य वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहायला बसले. हाच सल्ला मलाही मिळाला होता, आणि तोही अशा माणसाकडून ज्यांचा शब्द आमच्या रीफवाल्या मंडळींत शेवटचा मानला जातो. नाव घेत नाही. सगळे त्यांना सर म्हणतात, मीही म्हणते.

माझी बरणी तुमच्याएवढीच, १२ लिटरची, रुंद तोंडाची. आत कोरड्या दगडांची एक कमान, तिच्या पायथ्याशी एका जुन्या चालत्या टँकमधून मिळालेला मुठीएवढा लाइव्ह रॉक (जिवाणू आणि बारके जीव वसलेला जिवंत दगड), २५ वॉटचा हीटर आणि कडेने तळापर्यंत सोडलेली हवेची नळी. एअरस्टोन मुद्दाम लावलेला नाही. त्याचे बारीक बुडबुडे वर येऊन फुटतात, शिंतोडे उडतात आणि काठावर, वायरवर, दिव्यावर मीठ चढत राहतं. उघड्या नळीतून मोठे बुडबुडे एकामागून एक येऊ दिले की एवढं पाणी हलायला पुरतं. वर एक एलईडी आणि थोडी फट ठेवून काचेचं झाकण. संप (गाळणीची वेगळी टाकी) नाही, स्किमर नाही, पाण्याचा पंप नाही.

सरांनी बरणी पाहिली आणि उभ्या उभ्याच निकाल दिला: पाणी फार कमी आहे, स्किमर नाही, आणि माशाशिवाय सायकल होतच नाही.

पाण्याचा मुद्दा अर्धा खरा आहे. उघड्या बरणीतून दिवसाला पाव लिटर पाणी उडतं असं धरा. मीठ उडत नाही. म्हणजे ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग मीठ) पाणी दुसऱ्या दिवशी ३५.७ होतं, आणि आठवडाभर कुणी हात लावला नाही तर ४१ च्या आसपास जातं. १०० लिटरमधून तेवढंच पाणी उडालं तर आकडा ३५.६ वर थांबतो. सर एवढंच सांगून थांबतात. पण यावर उपाय काय, तर झाकण ठेवा, बरणीवर मार्करने रेघ मारा आणि रोज रेघेपर्यंत आरओडीआयचं (क्षार काढून टाकलेलं) गोडं पाणी घाला. मिनिटभराचं काम आहे. उलट बाजूचा हिशोब मात्र कुणी सांगत नाही. मी दर आठवड्याला ४ लिटर पाणी बदलते, म्हणजे सरळ एक तृतीयांश. मोठ्या टँकमध्ये दर आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदलणारा माणूस मला दाखवा. एवढं ताजं पाणी मिळत असेल तर कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्याची पीएच सांभाळण्याची ताकद) टिकवायला वेगळं डोसिंग, म्हणजे बाहेरून काही घालणं, लागत नाही (कोरल मोजकी असतील तर), आणि स्किमर जी सेंद्रिय घाण काढतो ती बादलीतून निघून जाते.

स्किमरशिवाय रीफ होत नाही हे तर इतिहासालाच धरून नाही. इंडोनेशियातले ली चिन एंग यांनी जिवंत दगड, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर कोरल ठेवली होती आणि १९६१ साली त्याबद्दल लिहिलं होतं. स्किमर उपयोगी यंत्र आहे, मोठ्या, माशांनी भरलेल्या टँकला हवंच. पण गाळणीचं खरं काम दगडात होतं, त्याच्या छिद्रांत बसलेले जिवाणू करतात. वरच्या थरातले अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करतात. आत खोल, जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथले नायट्रेटचा वायू करून सोडून देतात.

आता मासा. पुढच्या भेटीत सर स्वतःच पिशवीत एक डॅमसेल घेऊन आले. सर मनाने चांगले आहेत, त्यांना खरंच मदत करायची होती. पण मी ती पिशवी तशीच परत दिली. त्यावरून आमचं जे वाजलं ते अजून पूर्ण मिटलेलं नाही.

माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे. जिवाणूंना अमोनिया हवा असतो, मासा नको असतो. अमोनिया माशाच्या कल्ल्यांतून आला काय किंवा बाटलीतल्या अमोनियम क्लोराइडमधून आला काय, त्यांना सारखाच. फरक माशाला पडतो. समुद्री पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो. ७ पीएचच्या गोड्या पाण्यात जेवढा अमोनिया मोकळ्या, विषारी रूपात असतो त्याच्या दहा पटींहून जास्त इथे असतो. तो थेट कल्ले जाळतो. डॅमसेल चिवट असतात म्हणून मरत नाहीत, याचा अर्थ त्यांना काही होत नाही असा होत नाही. शिवाय बाटलीतून घातलं तर किती घातलं ते मला माहीत असतं. मासा किती सोडतो ते कुणालाच माहीत नसतं, मग सायकल झाली की नाही हे ठरवणार कशावरून? तो जिवंत आहे यावरून? त्यावरून फक्त मासा चिवट होता एवढंच कळतं.

तो डॅमसेल शेवटी सरांच्याच एका टँकमध्ये गेला. मोठा झाला, सगळी गुहा आपली म्हणून राखायला लागला, नवीन आलेल्या प्रत्येक माशावर धावून जातो. त्याला पकडायचं तर सगळे दगड उपसावे लागतील. ज्यांनी ज्यांनी डॅमसेलवर सायकल केली त्यातल्या बहुतेकांकडे हेच झालेलं मी पाहिलंय.

माझी सायकल शांतपणे चालू होती. अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दोन भाग) घातला, उतरू दिला, पुन्हा घातला. मधे नायट्राइट चाचणी किटच्या शेवटच्या जांभळ्या रंगावर जाऊन बसलं आणि हलेना. तुम्ही लिहिलंय की तुमचंही तसंच झालंय आणि त्यामुळे टँक फसला असं तुम्हाला वाटतंय. फसलेला नाही. गोड्या पाण्याची पुस्तकं वाचून लोक नायट्राइटला घाबरतात. समुद्री पाण्यात क्लोराइड इतकं असतं की नायट्राइटला माशाच्या कल्ल्यांतून आत शिरायला वावच मिळत नाही, त्यामुळे ते तिथे फारसं घातक ठरत नाही. दुसरं म्हणजे, बहुतेक नायट्रेट किट आधी नायट्रेटचं नायट्राइट करून तेच मोजतात. त्यामुळे नायट्राइट चढलेलं असताना नायट्रेटचा आकडा फुगलेला दिसतो. तो लिहूनसुद्धा ठेवू नका.

खरी परीक्षा सायकलनंतर आली. दगडांवर तपकिरी थर धरला. सगळे म्हणाले डायटम (एकपेशीय तपकिरी शेवाळ), नव्या टँकला येतातच, जातील. पण हा थर वेगळा होता. सकाळी दिवा लागायच्या आधी दगड जवळजवळ स्वच्छ, आणि दुपारपर्यंत शेंबडासारखे धागे लोंबायला लागायचे, प्रत्येक धाग्याच्या टोकाला एक बुडबुडा. सर म्हणाले, "बघ, सांगितलं होतं. मोडून टाक. नाहीतर रोज पाणी बदल आणि नायट्रेट, फॉस्फेट शून्यावर आण."

मी चाचणी केली. दोन्ही आधीच शून्यावर होते.

मग शाळेत असतो तसला साधा मायक्रोस्कोप काढला आणि त्या थराचा एक थेंब काचेवर घेतला. डायटम असते तर काचेच्या पेटीसारख्या आकाराच्या पेशी गपचूप पडून किंवा संथ सरकताना दिसल्या असत्या. इथे थेंबाच्या आकाराच्या, एका टोकाला निमुळत्या पेशी होत्या, आणि प्रत्येक जण आपल्या टोकाशी बांधल्यासारखा जागच्या जागी गरगर फिरत होता. ऑस्ट्रिऑप्सिस, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जीवांतला एक, थोडक्यात डायनो. मायक्रोस्कोप नसेल तर आणखी एक सोपी युक्ती आहे. थराचा नमुना थोड्या टँकच्या पाण्यात घालून जोरात हलवायचा, कागदी गाळणीतून गाळायचा आणि खाली आलेलं पाणी दिव्याखाली ठेवायचं. तासाभरात त्या स्वच्छ पाण्यात पुन्हा धागे जमले तर डायनो समजायचे.

डायनो येतात त्याचं एक मोठं कारण म्हणजे बाकी कुणालाच खायला न उरणं. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्य झालं की हिरवं शेवाळ, जिवाणू आणि इतर सूक्ष्मजीव मागे पडतात, आणि डायनो मोकळं रान बघून पसरतात. अशा वेळी रोज पाणी बदलणं म्हणजे त्यांची सोय करणं. मी सरांच्या सल्ल्याच्या बरोबर उलट केलं. पाणी बदलणं थांबवलं. नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.१ पीपीएमच्या आसपास येईल इतकं बाहेरून घातलं, आणि तिथेच धरून ठेवलं. थर नळीने ओढून बारीक कापडातून गाळायचा आणि पाणी परत बरणीत. जुन्या टँकमधला आणखी एक दगड आणला, त्याच्याबरोबर कोपेपॉड, ॲम्फिपॉड, बारके किडे सगळं आलं.

हळूहळू धागे विरळ झाले आणि त्यांच्या जागी साधं हिरवं शेवाळ आलं. ते पाहून मला किती आनंद झाला ते रीफ करणाऱ्यालाच कळेल. मग गोगलगायी सोडल्या, त्याआधी नाही. ऑस्ट्रिऑप्सिस विषारी असतात, ते खाऊन गोगलगायी मरतात, आणि त्या मेल्या की लोकांना वाटतं टँकच वाईट.

आज कमानीची एक बाजू जांभळ्या कोरलाइन शेवाळाने भरलीय. कँडी केन कोरलचं एक तोंड मधोमध चिमटल्यासारखं लांबट होत होत दोन झालं, तो सगळा काळ मी रोज भिंगातून पाहिलाय. रात्री लाल बॅटरी मारली की दगडाच्या प्रत्येक भोकातून काहीतरी मिशा बाहेर काढून बसलेलं असतं. सर म्हणतात नशीब. मी म्हणते बरणीला वेळ दिला आणि मोजून अन्न दिलं. पाणी किती लिटर यापेक्षा ते महत्त्वाचं आहे.

आता तुमचा खरा प्रश्न. २ पीपीएम अमोनिया घातल्यावर २४ तासांत तो शून्यावर येत असेल तर सायकल झाली. नायट्राइट अजून दिसत असेल तरी झाली. अर्धं पाणी बदला आणि एखादं स्वस्त, चिवट सॉफ्ट कोरल लावा: डिस्कोसोमा मशरूम, झेनिया. ग्रीन स्टार पॉलिप हवं असेल तर वेगळ्या दगडावर ठेवा, ते सगळ्यावर चढतं. ॲक्रोपोरा वगैरे कठीण सांगाड्याची नाजूक कोरल एवढ्या पाण्यात नको. अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच (तिचं माप) ठेवा, आणि दर आठवड्याला ती इकडेतिकडे होऊ नये हे पाहा. "किती दिवस लागतात" याला एक उत्तर नाही. पाण्यातून आणलेला चांगला लाइव्ह रॉक असेल तर आठवड्याच्या आतही होतं, कोरडा दगड असेल तर महिना किंवा जास्त.

आधी सांगायला हवं होतं, आता सांगते. झोअँथिड या कोरलसारख्या जीवांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. ती लागलेला दगड कधीही उकळू नका, कापताना हातमोजे आणि चष्मा घाला. हीटर अडकून चालूच राहिला तर १२ लिटर पाणी पटकन तापतं, म्हणून वेगळा थर्मोस्टॅट लावा. कठीण सांगाड्याची कोरल सायटीसच्या (धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये आहेत, त्यामुळे समुद्रातून तोडून आणलेला तुकडा कुणी देत असेल तर घेऊ नका. टँकमध्ये वाढवलेला फ्रॅग (कोरलचा तुकडा) घ्या. आणि १२ लिटरमध्ये मासा नकोच, सायकलसाठीही नको आणि नंतरही नको. हालचाल हवी असेल तर सेक्सी श्रिम्प या छोट्या कोळंबीची एक जोडी पुरते.

तुमचा दगड कोरडा आहे की जिवंत ते तुम्ही लिहिलेलं नाही. कोरडा असेल तर सायकल झाल्यापासूनच नायट्रेट आणि फॉस्फेट मोजायला लागा, आणि दोन्हीपैकी एकही शून्यावर जाऊ देऊ नका.