गेजवर बार, पाटीवर मीटर, पुस्तिकेत किलोपास्कल: दाबाचा मेळ कसा घालावा?

प्रश्न : मोटरच्या पाटीवर हेड (पंप पाणी किती उंच चढवू शकतो ते) 30 मीटर आहे. ठिबकच्या आराखड्यात फिल्टरनंतर 1 किलो दाब हवा असे लिहिले आहे, ड्रिपरच्या पुस्तिकेत 100 किलोपास्कल, आणि गेजवर बार व पीएसआय. 30 मीटर म्हणजे 3 किलो होतात, मग शेवटच्या लॅटरलला (ड्रिपर बसवलेल्या बारीक नळीला) पाणी कमी का पडते?

उत्तर : आपण ज्याला ‘किलो’ म्हणतो तो दर चौरस सेंटिमीटरवर एक किलोचा दाब. 10 मीटर उंच पाण्याचा तळाशी पडतो तेवढा. 1 बार म्हणजे 100 किलोपास्कल, म्हणजेच 1.02 किलो. हा दोन टक्क्यांचा फरक ठिबकसाठी सोडून द्या; शेतातले गेज त्याहून जास्त चुकते. तुमची पुस्तिका आणि आराखडा एकच गोष्ट सांगतात.

पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचावर किती पौंड दाब, हा आकडा मात्र सांभाळून वाचा. 1 किलो म्हणजे 14.2 पीएसआय. पीएसआयचा आकडा 0.07 ने गुणला की किलो मिळतात. काटा 10 वर असेल तर दाब 0.7 किलोच आहे. गेजवर दोन वर्तुळे असतील तर कोणते कशाचे, ते आधी पाहून घ्या.

आता 30 मीटरचा हिशेब. पाटीवरचे हेड पूर्णच्या पूर्ण फिल्टरपाशी मिळत नाही. समजा, विहिरीतले पाणी गेजपासून 14 मीटर खाली आहे आणि पाइप, बेंड, फूट व्हॉल्व्ह यांच्या घर्षणात 4 मीटर जातात. उरले 12 मीटर, म्हणजे 1.2 किलो. स्वच्छ फिल्टरने 0.3 किलो खाल्ला तर पुढे 0.9 जातो. फिल्टर तुंबून हीच घट 0.7 झाली की उरतो 0.5. साध्या ड्रिपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. 1 किलोला ताशी 4 लिटर देणारा ड्रिपर 0.5 किलोला साधारण 2.8 लिटरच देतो. विहिरीची पातळी एक मीटर उतरली की आणखी 0.1 किलो कमी. शिवाय पाटीवरचे हेड ठरावीक प्रवाहालाच लागू असते. एकाच वेळी जास्त व्हॉल्व्ह उघडले तर ते घसरते.

म्हणून फिल्टरच्या आधी आणि नंतर, दोन्हीकडे दाब मोजा. फरक 0.5 किलोच्या वर गेला की सँड फिल्टर बॅकवॉश करा (उलट दिशेने पाणी सोडून धुवा), जाळी काढून धुवा. दोन गेजपेक्षा एकच गेज दोन्ही ठिकाणी लावून पाहिलेले बरे, कारण गेज एकसारखेच चुकत असेल तर वजाबाकीत चूक निघून जाते. फिल्टर स्वच्छ असूनही दाब कमी असेल तर एका वेळी कमी व्हॉल्व्ह चालवा.

फवारणी पंपाला हाच घोळ महागात पडतो. पंपावर 3 मेगापास्कल लिहिलेले असते, म्हणजे 30 बार किंवा 435 पीएसआय. नळीवर 300 पीएसआय छापले असेल तर ती जेमतेम 21 बारची आहे. 300 हा आकडा मोठा दिसतो म्हणून ती जोडली तर फुटण्याचा धोका आहे, आणि फुटली तर औषध अंगावर येते.

मोटर बंद करून, पाइपमधले पाणी सोडून दिल्यावर काटा शून्यावर आला पाहिजे. 0.3 वर अडकत असेल तर त्या गेजवरून कोणताही हिशेब करू नका, आधी ते बदला.