कौलारू घराचं माजघर अंधारं आहे. काचेची कौलं किती आणि कुठे बसवू?

दहा बाय बाराच्या माजघराला तीन-चार काचेची कौलं पुरतात, आणि ती शक्यतो उत्तरेकडच्या उतारावर, आढ्याखालच्या दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत बसवा. वरच्या ओळींवरून पावसाचं पाणी कमी वाहतं, म्हणून तिथे गळतीचा धोकाही कमी. उत्तरेला थेट ऊन दक्षिणेपेक्षा कमी येतं. दक्षिणेला लावलीत तर दुपारी उन्हाचा चौकोन अंथरुणावर सरकत राहतो.

दुकानात जाताना छपरावरचं एक जुनं कौल सोबत न्याच. मंगळुरी कौल म्हणून सगळी सारखी दिसतात, पण कारखान्यागणिक खाचा बदलतात, आणि खाच नीट बसली नाही की गळती तिथूनच. कौल दोन वाशांच्या मधोमध येऊ द्या, नाहीतर वासाच उजेड अडवतो. सिमेंटने चिकटवू नका, फुटलं तर शेजारचंही काढताना जातं. प्लॅस्टिकचं स्वस्त पडतं, पण उन्हाने पिवळं होतं. मृगापूर्वी शेवाळ पुसायचं आणि एखादं कौल जास्तीचं ठेवायचं (वानरं आहेतच).

मात्र माजघरावर लाकडी माळा असेल तर हा सगळा उजेड माळ्यावरच राहील. मग आधी तिथल्या दोन-तीन फळ्या काढाव्या लागतील.