१९४९ च्या फोर्ड ८एन ट्रॅक्टरचं इग्निशन टायमिंग कसं लावायचं? डिस्ट्रिब्युटर फिरतच नाही

तो फिरवायचा नसतोच. १९४९ च्या ८एनला डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरांना ठिणगी वाटून देणारा भाग) इंजिनाच्या पुढच्या तोंडाला, फॅनच्या मागे, दोन बोल्टांवर घट्ट बसवलेला असतो. त्याचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची नेमकी वेळ, ट्रॅक्टरवर लावत नाहीत, काढून टेबलावर लावतात. मी इथे ओहायोत असाच एक ८एन सांभाळतो. टायमिंग लाईट (चालू इंजिनावर टायमिंग तपासायचा दिवा) घेऊन माझा अख्खा शनिवार वाया गेला होता, तुमचा जाऊ नये म्हणून सविस्तर लिहितो. (१९५० मध्ये, २६३८४४ या सिरियल नंबरपासून, डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या बाजूला आला. तुमचं इंजिन कधी बदललेलं असेल आणि डिस्ट्रिब्युटर बाजूला दिसत असेल, तर पुढचं काहीही लागू नाही.)

बॅटरीची वायर सोडवा, वरची चौकोनी कॉइल काढा, दोन बोल्ट काढा. डिस्ट्रिब्युटर हातात आला की आधी शाफ्ट बोटांनी आडवा हलवून बघा. हलत असेल तर बुश झिजलेत. मग प्रत्येक सिलिंडरला पॉइंटची (आतल्या उघडझाप करणाऱ्या संपर्कांची) गॅप वेगळी पडते आणि टायमिंग कितीही जपून लावलं तरी टिकत नाही. आधी बुश बदला.

आता गॅप. शाफ्टवरच्या कॅमच्या उंचवट्यावर पॉइंट पूर्ण उघडले असताना ०.०१५ इंच. फिलर गेजची पट्टी मिटलेल्या वहीतून कागद ओढावा तशी, किंचित अडत निघाली पाहिजे. पॉइंट नवे असले तरी मधून कोरा कागद एकदा ओढा. त्यांच्यावर तेलाचा पातळ थर असतो. गॅप बदलली की टायमिंगही बदलतं, म्हणून हे काम आधी.

मग डिस्ट्रिब्युटर उलटा धरा. शाफ्टच्या टोकाची जीभ मधोमध नाही, एका अंगाला सरकलेली दिसेल. तिच्या रुंद बाजूला पोलादी पट्टी टेकवा. मल्टिमीटर जोडणी तपासायच्या, आवाज करणाऱ्या सेटिंगवर ठेवा; त्याची एक वायर कॉइल टेकते त्या पत्तीला, दुसरी बॉडीला लावा आणि शाफ्ट त्याच्या नेहमीच्या दिशेने हळूहळू फिरवा. मीटरचा आवाज तुटला, म्हणजे पॉइंट उघडू लागले, तिथेच थांबा. पट्टीपासून बोल्टच्या भोकाच्या बाहेरच्या कडेपर्यंत अंतर १/४ इंच भरायला हवं. कमीजास्त असेल तर बाजूचा लॉक स्क्रू सैल करून प्लेट जराशी सरकवा, स्क्रू आवळा आणि पुन्हा मोजा. मला चार वेळा मोजावं लागलं. घाई करू नका.

बसवताना मात्र खरी काळजी घ्या. जीभ इंजिनातल्या खाचेत एकाच तऱ्हेने बसते. डिस्ट्रिब्युटर हाताने दाबून धरा आणि बॉडी इंजिनाला सपाट टेकेपर्यंत रोटर फिरवत राहा. फट दिसत असताना बोल्ट आवळून ती मिटवू नका, बॉडीचा कान तुटतो. माझ्या ट्रॅक्टरवर आधी कुणीतरी तेच केलं होतं, तुटका कान वेल्डिंगने जोडलेला आहे.

वायरी १-२-४-३ या क्रमाने लावा. १ नंबरचा सिलिंडर रेडिएटरकडचा. आणि बॅटरी जोडताना, मूळचं ६ व्होल्टचं वायरिंग असेल तर पॉझिटिव्ह टोक ट्रॅक्टरच्या बॉडीला जातं.