वाचकांचे प्रश्न : लहान दुर्बिणीला मोटर फोकसर

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी बरेच फोकसरला, म्हणजे नॉब फिरवून नळी आत-बाहेर सरकवणाऱ्या भागाला, मोटर बसवण्याबद्दल आहेत. मोटर लावली की फोकस आपोआप अचूक होईल, असं त्यांपैकी अनेकांनी गृहीत धरलं आहे. मोटर एवढंच करते : मोजून पुढे जाते आणि मोजून मागे येते. ती मोजणी कॅमेऱ्यापर्यंत जशीच्या तशी पोचते की वाटेत कुठे गळते, यावर सगळं अवलंबून आहे. खालची बहुतेक उत्तरं या गळतीबद्दलच आहेत.

प्रश्न : माझ्याकडे ८० मिमी व्यासाची, ४०० मिमी नाभीय अंतराची अपवर्तक (भिंगाची) दुर्बीण आहे. फोकसर दोन गतींचा (जाड आणि बारीक नॉबचा) क्रेफर्ड, म्हणजे दात्यांऐवजी घर्षणावर चालणारा आहे. २८बीवायजे-४८ ही छोटी स्टेपर (मोजक्या टप्प्यांनी फिरणारी) मोटर लावून घरीच मोटर फोकसर बनवता येईल का? की नेमा १७ ही मोठी स्टेपर लागेल?

आधी किती बारीक सरकवायचं आहे ते काढा. तारा तीक्ष्ण दिसतो तो पट्टा मायक्रॉनमध्ये असा काढतात : ४.८८ × ०.५५ × एफ-गुणोत्तराचा (नाभीय अंतर भागिले व्यास) वर्ग. इथे ०.५५ ही हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी आहे, मायक्रॉनमध्येच. तुमची दुर्बीण एफ/५, म्हणजे पट्टा सुमारे ६७ मायक्रॉनचा. एफ/१० ला तो २६८ पर्यंत जातो आणि एफ/४ ला ४३ वर येतो. मोटरचा एक टप्पा या पट्ट्याच्या पाचव्या ते दहाव्या हिश्श्याइतका असावा. तुमच्यासाठी तो ७ ते १३ मायक्रॉन येतो.

आता फोकसर मोजा. जाड नॉबला बरोबर एक फेरा द्या आणि नळी किती सरकली ते पट्टीने किंवा व्हर्नियरने बघा. या प्रकारच्या फोकसरमध्ये हे अंतर बहुधा २० मिमीच्या आसपास निघतं. तुमचं वेगळं निघालं तर पुढचे आकडे त्या प्रमाणात बदला.

२८बीवायजे-४८ एका फेऱ्याला २०४८ पूर्ण टप्पे घेते, म्हणजे एका टप्प्याला जवळपास १० मायक्रॉन. कागदावर हे छान बसतं, पण दोन अडचणी आहेत. पहिली ताकदीची. २० मिमी फेऱ्याच्या दांड्यावर १ किलोचा कॅमेरा सरळ वर उचलायला घर्षण सोडूनच सुमारे ०.०३ न्यूटन-मीटर लागतात, आणि ही मोटर जेमतेम तेवढंच देते. दुर्बीण आडवी असेपर्यंत ती चालेल, डोक्यावरच्या ताऱ्याकडे वळवली की अडेल. दुसरी अडचण तिच्या गिअरच्या ढिलीची. दांड्याचा १ अंश म्हणजे नळीचे ५५ मायक्रॉन, आणि या गिअरमध्ये काही अंशांची ढिल सहज असते. वेबकॅमसारख्या हलक्या कॅमेऱ्याला ही मोटर पुरते. त्याहून जड काही लावणार असाल तर ती नको.

नुसती नेमा १७ थेट दांड्याला जोडू नका. तिच्या २०० टप्प्यांत प्रत्येकी १०० मायक्रॉन येतात. मायक्रोस्टेपिंगने, म्हणजे एका टप्प्याचे विजेने आणखी तुकडे करून, आकडा लहान दिसतो, पण वीज बंद झाली की रोटर जवळच्या पूर्ण टप्प्यावर जाऊन बसतो आणि फोकस हलतो. १४:१ च्या आसपासचा ग्रहीय (प्लॅनेटरी) गिअर असलेली नेमा १७ घ्या. २८०० टप्पे, एका टप्प्याला ७ मायक्रॉन. शिवाय गिअरच्या रोधामुळे वीज बंद असतानाही नळी जागेवर राहते. तयार संच घेणार असाल तरी त्याच्या एका फेऱ्याचे टप्पे विचारून हाच भागाकार करून बघा.

प्रश्न : मोटर बारीक नॉबच्या बाजूला जोडावी की जाड नॉबच्या? आणि बसवताना कोणता क्रम ठेवावा?

जाड नॉबच्या बाजूला, म्हणजे जिथे वेग दसपट कमी करणारी १०:१ ची यंत्रणा नाही तिथे. बारीक नॉबच्या आत छोटे पोलादी गोळे घर्षणावर फिरतात. जोर वाढला की ते घसरतात, मोटर फिरत राहते आणि नळी जागेवरच. त्या बाजूने दसपट बारीक टप्पा मिळतो हे खरं, पण मोजणी गेली की त्या बारकाव्याचा उपयोग नाही.

कॅमेरा काढा, नळी पूर्ण आत घ्या. जाड नॉबच्या कडेला ग्रब स्क्रू (डोकं नसलेला छोटा स्क्रू) असतो, तो बहुधा १.५ किंवा २ मिमीच्या अॅलन कीने सुटतो. नॉब ओढून निघत नसेल तर पकडीने पिळू नका. दुसरा ग्रब स्क्रू पहिल्याच्या मागे दडलेला असू शकतो, किंवा टोकावरच्या टोपीखाली मधला स्क्रू असतो. दांड्याचा व्यास मोजून कपलिंग, म्हणजे दोन दांडे जोडणारा तुकडा, निवडा. ४, ५, ६ मिमी आणि पाव इंच असे सगळे प्रकार भेटतात. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. त्यावर ६ मिमीचं कपलिंग ठोकून बसवू नका, दांडा वाकला तर फोकसर गेला.

ब्रॅकेट फोकसरच्या स्थिर भागाला, त्याच्याच जुन्या स्क्रूंच्या जागी लावा. ब्रॅकेटची जाडी ३ मिमी असेल तर स्क्रूही ३ मिमीनेच लांब हवेत. त्याहून लांब घेतले तर टोकं आत शिरून सरकत्या नळीला ओरखडे पाडतात.

सगळ्यात जास्त चुका पुढच्या पायरीला होतात. मोटरचा आणि फोकसरचा दांडा एका रेषेत येण्यासाठी ब्रॅकेटचे स्क्रू अर्धवट सैल ठेवा. कपलिंग दोन्हीकडे घट्ट करा, दोन दांड्यांच्या टोकांत १ मिमी फट राहू द्या. आता मोटर सावकाश चालवत नळी पूर्ण आत-बाहेर न्या आणि मोटरच्या शरीराकडे बघत राहा. ती डोलत असेल तर रेषा चुकली आहे. सैल ब्रॅकेटमुळे ती स्वतःच जागा शोधते, त्या जागी स्क्रू आवळा. यंत्रणेत एका ठिकाणी लवचीकता हवीच : कपलिंग कडक असेल तर ब्रॅकेट थोडं लवचीक, ब्रॅकेट कडक असेल तर कपलिंग लवचीक. मात्र सर्पिल काप असलेलं अति मऊ कपलिंग स्वतःच पीळ खातं, आणि तो पीळ पुढे बॅकलॅश, म्हणजे दिशा उलटताना वाया जाणारी चाल, म्हणून भोवतो. मध्ये ताऱ्याच्या आकाराचा रबरी तुकडा असलेलं जबड्यांचं कपलिंग बरं.

ग्रब स्क्रू मोटरच्या दांड्याच्या सपाट भागावरच आवळा आणि त्यांना निळं, म्हणजे मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) लावा. लाल लावलंत तर पुढे गरम केल्याशिवाय सुटणार नाही. शेवटी फोकसरचा कुलूप-स्क्रू सोडलेला आहे याची खात्री करा. तो घट्ट ठेवून मोटर चालवली की मोटर गुरगुरते आणि टप्पे हरवतात.

प्रश्न : काल फोकस १२,४०० वर होता, आज १२,९०० वर. दुर्बीण तीच, कॅमेरा तोच. सॉफ्टवेअर बिघडलं का?

सॉफ्टवेअर बिचारं टप्पेच मोजतं. नळी घसरली ते त्याला कळत नाही. नळी पूर्ण आत घेऊन तिथे शून्य ठरवा. कॅमेऱ्यासकट दुर्बीण सरळ वर करा. नळीवर पेन्सिलीची रेघ ओढा, ३००० टप्पे बाहेर, ३००० आत, असं दहा वेळा करा. रेघ जागेवर परतली नाही तर घसरण नक्की.

क्रेफर्डमध्ये दाते नसतात. पोलादी दांडा नळीच्या सपाट पट्टीवर नुसता दाबलेला असतो. ती पट्टी आणि दांडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, तिथे वंगण कधीच लावू नका. मग फोकसरखालचा ताण-स्क्रू फेऱ्याच्या आठव्या हिश्श्याने आवळा आणि परत रेघ बघा. खूप आवळला की नळी अडखळत सरकते आणि पट्टीवर खोबण पडते. पुरेसा आवळूनही घसरण थांबत नसेल तर कॅमेऱ्याचं वजन त्या फोकसरला झेपत नाही. अशा वेळी दात्यांच्या पट्टीचा फोकसर घेणं हाच खरा उपाय.

घसरण नसेल तर दोन रात्रींच्या तापमानातला फरक बघा, आणि शून्य दोन्ही वेळा त्याच जागी धरलं होतं का तेही. नळीची सर्वांत बाहेरची मर्यादा सॉफ्टवेअरमध्ये भरलेली नसेल तर आजच भरा. टोकाला जाऊन आदळलेली मोटर शेकडो टप्पे हरवून बसते.

प्रश्न : ऑटोफोकसचा आलेख इंग्रजी व्ही सारखा येत नाही. सुरुवातीचे तीन बिंदू सपाट, मग एकदम उतार. फोकसही थोडा चुकतो.

हा बॅकलॅश. ऑटोफोकस आधी नळी बाहेर नेतो आणि मग एकेक पायरी आत आणत ताऱ्यांचा आकार मोजतो आणि त्याचा आलेख काढतो. दिशा उलटली की पहिले काही टप्पे गिअरमधली ढिल भरण्यातच जातात. नळी हलत नाही म्हणून ताऱ्याचा आकारही बदलत नाही.

मोजणी सोपी आहे. ५०० टप्पे बाहेर जा, मग १०-१० टप्प्यांनी आत या. ०.०१ मिमीचं डायल गेज नळीच्या टोकाला टेकवलं तर काटा कधी हलला ते लगेच दिसतं. गेज नसेल तर थोड्या अस्पष्ट ताऱ्याचा आकार कधी बदलू लागतो ते बघा. समजा ढिल ८० टप्प्यांची निघाली. तिची भरपाई दोन प्रकारे होते. एकात दिशा बदलताना नेमके ८० टप्पे जास्त चालायचे. यात आकडा काटेकोर लागतो आणि थंडीत वंगण घट्ट झालं की तो बदलतो. दुसऱ्यात बाहेर जाताना मुद्दाम १२०-१५० टप्पे पुढे जायचं आणि मग आत यायचं, म्हणजे शेवटची चाल नेहमी एकाच दिशेने. आमची पसंती दुसऱ्याला. अपवर्तक दुर्बिणीत शेवटची चाल आतल्या दिशेने ठेवा. कॅमेरा वर ढकलला जातो, त्याचं वजन गिअरचे दाते एका बाजूला टेकवून ठेवतं. भरपाई मोटरच्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरमध्ये आणि ऑटोफोकसच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी दोन्हीकडे भरू नका, ती दुप्पट होते.

पायरीचा आकारही तपासा. एफ/५ ला ६० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे वरच्या ७ मायक्रॉनच्या मोटरला ८ ते ९ टप्पे. दोन्ही बाजूंना ४-४ पायऱ्या ठेवल्या की टोकाला तारा किमान आकाराच्या तिप्पट दिसावा. एक्स्पोजर ३ ते ६ सेकंद द्या. त्याहून कमी दिलं तर वातावरणाची थरथर आलेखात उतरते.

प्रश्न : संध्याकाळी फोकस केलं की मध्यरात्रीपर्यंत बिघडतं. तापमान भरपाई लावावी का?

अॅल्युमिनियम १ मीटरला १ अंशामागे २३ मायक्रॉन आक्रसतं. ४०० मिमीची नळी अंशाला ९ मायक्रॉन. एफ/५ चा पट्टा मध्यापासून दोन्हीकडे ३३ मायक्रॉनचाच, म्हणजे चार अंश उतरले की तारे सुजलेले दिसणार. भिंगाची काचही तापमानानुसार बदलते, म्हणून निव्वळ नळीचा आकडा घेऊन भरपाई लावू नका. तीन-चार रात्री प्रत्येक ऑटोफोकसनंतर तापमान आणि जागा लिहून ठेवा आणि त्यांतून अंशामागे किती टप्पे ते काढा. तापमापक नळीला चिकटवलेला हवा, मोटरच्या आतला नको, कारण मोटर स्वतः तापते. तोवर दर दीड-दोन अंशांनी ऑटोफोकस करणं पुरेसं आहे.

प्रश्न : मी फक्त डोळ्यांनी ग्रह बघतो. १३० मिमीची न्यूटनियन (आरशाची दुर्बीण) आहे. मोटरचा काही उपयोग?

आहे, आणि साध्या डीसी मोटरचाच. १५० पट वर्धनाला नॉबला हात लागला की गुरू थरथरतो आणि थरथर थांबेपर्यंत फोकस बरोबर झाला का ते कळत नाही. हातातल्या बटणाने हा त्रास संपतो. टप्पे मोजायची तुम्हाला गरज नाही, वेग कमी करता आला म्हणजे झालं. बॅटरी उतरली किंवा थंडी वाढली की वेग बदलतो, एवढं ध्यानात ठेवा. सरकती नळी आधीच हलत असेल तर तिच्याखाली पातळ पीटीएफई (टेफ्लॉन) पट्टी घालून तो खेळ काढा, मोटर तो काढणार नाही. मोटरच्या वजनाने नळीचा तोल बदलतो, तो परत साधा.

प्रश्न : मोटरला वीज पुरवणारी ड्रायव्हर चिप दोनदा जळली. जोडणी तर बरोबर आहे.

वीज चालू असताना मोटरची वायर काढली असणार. ए४९८८, डीआरव्ही८८२५ अशा ड्रायव्हरना ते सहन होत नाही. आधी वीज बंद, मग प्लग. प्लग सैल असेल आणि दुर्बीण फिरताना ताण पडून क्षणभर सुटत असेल तरी परिणाम तोच, म्हणून वायरला फोकसरजवळ क्लिप लावून थोडं सैल वळण ठेवा. विद्युतप्रवाहाची मर्यादा मोटरवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा वर नेऊ नका. ग्रहीय गिअर असेल तर हालचाल संपल्यावर कॉइलची वीज बंद होऊ द्या, मोटर थंड राहते.