आजोबा फुफ्फुसाच्या आजाराने गेले. त्यांच्या दोन जुन्या कॅसेट आणि मोबाईलवर काही व्हॉइस मेसेज आहेत. त्यांतला खोकला काढून आवाज स्वच्छ करता येईल का?

काढता येतो, पण काढू नका. माझ्या आजोबांच्या वर्षश्राद्धाला काकांनी हाच हट्ट धरला होता, म्हणून लिहायला बसलो. आधी त्या कॅसेट आणि मेसेज वाचवा.

कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन्ही प्लॅस्टिकचे कान मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं जाऊन आवाज पुसला जाणार नाही. मग उजेडात धरून फीत बघा. गुंडाळीच्या कडेला पांढरट ठिपके असतील तर ती बुरशी. अशी कॅसेट प्लेअरमध्ये घालायची नाही. बुरशी प्लेअरच्या हेडला, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. फितीमागे धातूच्या पातळ पट्टीवर फेल्टचा बारका चौकोन असतो. त्याचा गोंद वाळला की तो गळतो आणि आवाज दबका, कमीजास्त येऊ लागतो. लोक म्हणतात कॅसेट गेली. फीत बहुतेक वेळा ठणठणीत असते. स्क्रूवाली दुसरी कॅसेट उघडून तिच्या कवचात ही फीत बसवायची.

वाजवण्याआधी फीत एकदा टोकापर्यंत पुढे नेऊन मागे आणा, वर्षानुवर्षं बसलेली गुंडाळी मोकळी होते. १२० मिनिटांच्या कॅसेटची फीत फार पातळ असते, ती भराभर फिरवू नका. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा. संगणकाला जोडायचे स्वस्त प्लेअर घेऊ नका, त्यांचा वेग डुलतो. कुणाकडे चांगला कॅसेट डेक (स्टिरिओला जोडायचा मोठा प्लेअर) असेल तर मागून आणा.

खरी मेख हेडच्या बाजूच्या स्क्रूत आहे. घरगुती रेकॉर्डरवर भरलेली कॅसेट दुसऱ्या यंत्रावर वाजवली की हेडचा कोन जुळत नाही आणि आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो. कॅसेट चालू ठेवून तो स्क्रू अगदी किंचित फिरवत जा आणि फक्त ‘स’ आणि ‘श’ ऐका. ते सगळ्यात धारदार येतील तिथे थांबा. ज्याला लोक ‘सफाई’ म्हणतात त्यातली निम्मी इथेच होते. डेक संगणकाला जोडून रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट अशा सेटिंगवर, वेव्ह (.wav) फाईलमध्ये करा. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या खाली ठेवा. ६० मिनिटांच्या कॅसेटला साधारण १ जीबी लागेल.

आता खोकला. खरखर काढणारं सॉफ्टवेअर शांत जागेतला आवाज नमुना म्हणून घेतं आणि तसं जे जे सापडेल ते वजा करतं. दम लागलेल्या माणसाचा श्वास, ‘ह’, ‘फ’ त्यात पहिले जातात आणि उरलेला आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. खोकला हाताने कापला तर वाक्याचा ताल तुटतो, कारण दमेकरी माणूस श्वासाच्या हिशेबानेच शब्द तोडत बोलतो. काका म्हणायचे, लोकांना आजारी आजोबा कशाला ऐकवायचे? मला अजूनही हे पटत नाही. शेवटची वर्षं ते तसेच बोलले, तशातच नातवंडांना हाका मारल्या. तो आवाज खोडणं म्हणजे ती वर्षं खोडणं.

व्हॉइस मेसेज दुसऱ्या फोनसमोर वाजवून भरू नका. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपच्या फोल्डरमध्ये ते ‘ओपस’ फाईल म्हणून असतात आणि नावातच तारीख असते. तशाच उचला, नाव बदलू नका. फोन विकण्याआधी हे करा. प्रती तीन ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. सोबत एका साध्या फाईलमध्ये लिहा: कोण बोलतंय, कुठे, अंदाजे कुठलं साल, मागे कुणाचा आवाज आहे.

बुरशी लागलेली फीत मात्र घरी साफ करायला जाऊ नका, जाणकाराकडे द्या. आणि आजी असतील तर त्यांना विचारल्याशिवाय चारचौघांत काही लावू नका. त्यांनाच खोकला ऐकवत नसेल तर त्यांच्यासाठी कापलेली वेगळी प्रत करा, पण फाईलच्या नावात ‘कापलेली’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर पुढे घरातलं कुणीतरी तिलाच मूळ समजून बाकीच्या उडवतं.